फणसाचा पाट

गडबला हमरस्त्याला लागून हौसाबाईची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे कौलारू पडवी, तीन बाकडी, पाण्याचा रांजण आणि मागच्या अंगाला दोन चुली. बाहेर पाटी नव्हती. पेण ते नागोठणं गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की वालाचं बिरडं खायचं तर हौसाकडं. नवरा केरू सकाळी शेतावर जाई आणि दुपारी येऊन पाणी भरी, ताटं घाशी. माणूस मुळातच अबोल. दोघांच्या वाटचं बोलणं हौसाच बोलून टाकी.

अंगानं ती शिडशिडीत होती, पण कामाला भारी उरक. पाठमोरी बसून भाकरी थापताना मागं कोणाच्या ताटातला भात संपत आलाय, हे तिला बरोबर कळे. ‘वाढू का रं पोपट?’ असं तिनं न बघताच विचारलं, की शेजारी बसलेला नवखा ड्रायव्हर चपापून इकडंतिकडं बघायचा.

एक गोष्ट मात्र होती, जी तिची तिलाही कधी जाणवली नव्हती. ती बसून जेवत नसे. शेवटचं गिऱ्हाईक उठलं, की चुलीपाशी उभ्या उभ्या उरलीसुरली गार भाकरी आणि टोपाच्या बुडाची खरवड असे चार घास पोटात ढकलायचे, की झालं तिचं जेवण. केरू कधी म्हणे, ‘बस की गो जरा.’ त्यावर ती म्हणे, ‘बसलं तर उठायचं जिवावर येतं.’ अशी वीस वर्षं गेली होती.

बांगलादेशची लढाई संपली, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास रोह्याहून आलेली एसटी थांबली आणि पन्नाशीचा एक माणूस गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून उतरला. सरळ पडवीत आला, टोपी काढून बाकावर ठेवली आणि म्हणाला, “राम राम, वयनी. मी गुणाजी. रोह्याला स्टँडाजवळ माझी खाणावळ हाय. ओळखलंत?”

हौसानं ओळखलं नाही. रोज पन्नास तोंडं बघणाऱ्या बाईनं काय काय लक्षात ठेवावं?

“पाट आणलाय तुमच्यासाठी,” गुणाजी म्हणाला.

रांजणाशी उभ्या असलेल्या केरूच्या हातातला तांब्या खणकन खाली पडला. “पाट? अवो, मी हाय अजून जिता!”

विधवेच्या दुसऱ्या लग्नालाही पाटच म्हणतात, हे गुणाजीच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं गोणपाट सोडलं. आत फणसाच्या लाकडाचा, बसायचा पाट निघाला. पिवळाधमक, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकलेला आणि बसून बसून मध्ये आरशासारखा गुळगुळीत झालेला. केरूनं सुटकेचा श्वास टाकला आणि त्या दिवशीचं हसणं त्या घरात पुढं कितीतरी वर्षं पुरलं.

मग गुणाजीनं बसून सगळं सांगितलं. पेणच्या पद्मजाबाई, शाळामास्तरांना आणि कोर्टातल्या कारकुनांना जेवू घालणाऱ्या, एकदा भाचीच्या लग्नाला रोह्याला गेल्या होत्या. परतीची गाडी चुकली म्हणून त्या गुणाजीच्या आईच्या खाणावळीत जेवल्या. हात धुवायला मागं गेल्या, तर दाराआड गुणाजीची आई उभ्यानंच गार भात गिळत होती. बाई गाडी धरून पेणला गेल्या. आठवड्यानं परत आल्या, त्या आपल्या लग्नातला पाट घेऊन. म्हणाल्या, “आज चूल माझ्याकडं. तुम्ही इथं बसायचं आणि ऊन ऊन जेवायचं.” गिऱ्हाइकांचंही सगळं त्यांनीच रांधलं. जाताना पाट तिथंच ठेवला आणि म्हणाल्या, की तुमच्या मनात येईल तेव्हा दुसऱ्या कोणा रांधणारीकडं न्या आणि असंच करा.

“तेव्हापासून फिरतोय,” गुणाजी म्हणाला. “आईनं कोलाडला नेला, तिथनं नागोठण्याला गेला, आणखी कुठं कुठं जाऊन गेल्या साली माझ्याकडं आला. आई गेल्यापासून मीच रांधतो ना.”

“मग माझ्याकडं का आणलात?” हौसानं विचारलं.

“दिवाळीच्या तोंडावर आमची गाडी इथं बंद पडली होती. तुमच्याकडचं सगळं संपलं होतं, तरी तुम्ही मला ताट वाढलंत. मी पोटभर जेवलो. निघताना केरूभाऊ म्हणाले, हिच्या वाटणीचं होतं ते. गाडीत बसलो, पण डोळ्याला डोळा नाय लागला बघा.”

हौसानं नवऱ्याकडं रोखून बघितलं. “तुम्ही सांगितलंत व्हय?”

केरू रांजणात तोंड घालून पाणी किती उरलंय ते बघू लागला.

हौसा काही केल्या कबूल होईना. परका पुरुष आपल्या चुलीपुढं बसणार, हे काय भलतंच? पण गुणाजीनं बाह्या सारल्या होत्या. त्यानं पीठ भिजवलं ते बघून तिनं चुलीपुढची जागा सोडली. हात सराईत होता. दुपारी त्यानं भिंतीशी पाट मांडला, पुढं ताट ठेवलं आणि म्हणाला, “बसा.”

ती अवघडून बसली, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी. इतक्यात बाहेर विटांचा ट्रक थांबला आणि चार-पाच माणसं आत आली. हौसा सवयीनं उठायला गेली.

“वयनी, बसा!” गुणाजी ओरडला. मग त्या माणसांकडं वळून म्हणाला, “आज बाई जेवतायत. तुम्हाला मी वाढीन, दमानं.”

त्यातला ड्रायव्हर पोपट, रोजचा. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “हौसाबाय जेवतेय? बसून? मग थांबतो की. हे परत कधी दिसायचं?”

तव्यावरनं उतरलेली टम्म फुगलेली भाकरी गुणाजीनं तिच्या ताटात ठेवली. तिनं ती मोडली तशी वाफ तिच्या तोंडावर आली. हजारांनी भाकऱ्या तिनं भाजल्या होत्या, पण वाफ असते ती खाणाऱ्याच्या तोंडावर यायची, हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं. पहिला घास तिनं सावकाश चावून गिळला. सगळे बघत होते. मग म्हणाली, “मीठ कमी झालंय आमटीत,” आणि पदरानं डोळे टिपून पुढचा घास घेतला. तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. केरूनं मोजल्या नाहीत, पण बघितल्या.

गुणाजी संध्याकाळच्या गाडीनं गेला. जायच्या आधी हौसानं विचारलं, “ज्या बाईनं हे काढलं, तिच्याकडं परत कोण घेऊन गेलं?”

“पद्मजाबाईंकडं?” गुणाजी घुटमळला. “कोणीच नाय. ती बामणाची चूल. आपण हात कसा लावायचा? त्यांच्याकडं जेवायला बसणारे सगळे शिकलेले, सोवळ्यातले.”

“पण त्या तर तुमच्या आईच्या हातचं जेवल्या.”

“जेवल्या खऱ्या. त्या नायच मानत. पण लोकच त्यांच्या वतीनं मानतात ना.”

पाट वर्षभर हौसाच्या भिंतीला टेकून राहिला. तो आता कोणाकडं जाणार, याची रस्त्यावरच्या सगळ्यांना उत्सुकता. वडखळची मालू, जिच्याशी हौसाचं गिऱ्हाइकांवरून कायम बिनसलेलं, तीसुद्धा दोनदा येऊन आडून आडून विचारून गेली. हौसा कोणाला काही सांगेना. तिच्या मनात एकच नाव होतं आणि तेच तिला झेपत नव्हतं.

एकदा पेणच्या बाजाराला गेली असताना ती मुद्दाम वाट वाकडी करून पद्मजाबाईंच्या घरासमोरून गेली. खिडकीतून पंगत दिसत होती. साठीच्या घरातली एक गोरी, वाळकी बाई वाकून वाढत होती आणि दर वेळी सरळ होताना भिंतीचा आधार घेत होती. कोणीतरी म्हणालं, “ताक!” ती पुन्हा वाकली. हौसा कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिथं किती वेळ उभी राहिली, तिचं तिलाही कळलं नाही.

घरी येऊन तिनं केरूला सांगितलं, “बुधवारी खाणावळ तुम्ही बघायची. मी पेणला जातेय.”

केरूनं पाटाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. “मला फक्त भात आन् आमटी येते.”

“मग तेच वाढा.”

मंगळवारी तिनं मोड आलेले वाल सोलून ओल्या फडक्यात बांधले. घरचा तांदूळ दळून पीठ घेतलं. बुधवारी नवं लुगडं नेसून, पाट काखेत धरून ती पहिल्या एसटीत चढली. कंडक्टरनं पाट ओळखला. “मालूकडं का?” त्यानं वडखळ आल्यावर विचारलं. हौसा म्हणाली, “गाडी चालू दे तुझी.”

पद्मजाबाईंच्या दारात पोचली तेव्हा मात्र तिनं पाट या काखेतून त्या काखेत घेतला. कडी वाजवावी की मागच्या दारानं जावं? ती विचारात असतानाच दार उघडलं. समोर बाईच, हातात विळी. त्यांची नजर पाटाच्या पितळी फुलांवर गेली आणि तिथंच थांबली.

“मी गडबची हौसा,” तिनं कसंबसं सांगितलं. “आज चूल… म्हणजे तुमची हरकत नसली तर… मी हात पाय धुऊन येते. वाल आमच्या घरचेच हायत. कांदा नाय घालणार.”

पद्मजाबाईंनी विळी खाली ठेवली. पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. “एक फूल ढिलं झालंय,” त्या म्हणाल्या. मग बाजूला सरकून म्हणाल्या, “अगं, अशी दारात काय उभी? आत ये. मला वाटलं होतं, हा हरवला कुठंतरी. सतरा वर्षं झाली.”

“हरवला नव्हता, बाई. तुमच्याकडं आणायला सगळे भीत होते.”

“मला?” बाईंनी असं विचारलं, की हौसाला हसूच आलं. आणि मग बाईंनाही.

स्वयंपाकघर लख्ख होतं. तेल कुठं, गूळ कुठं, एवढंच हौसानं विचारलं. तासाभरात बिरड्याचा वास रस्त्यापर्यंत गेला. अकराला जेवणारे जमले. शाळेतले सहा-सातजण, सगळ्यांत म्हातारे माधवराव, गणिताचे मास्तर. चुलीपाशी अनोळखी बाई बघून एकानं बाईंना हळूच विचारलं, ही कोण, कुठल्या जातीची? पद्मजाबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, “ही हौसा. गडबला खाणावळ चालवते. शेतकऱ्याची बाई आहे. आज ही रांधणार आणि मी तुमच्या पंगतीत बसणार.”

तो माणूस उठला आणि चपला घालून गेला. हौसाचा हात परातीत थबकला.

“जाऊ दे,” पद्मजाबाई म्हणाल्या. “भूक लागली की बाजारात केळी मिळतात.”

माधवरावांनी घसा साफ केला. “त्याच्या वाटचं बिरडं मला वाढा,” ते हौसाला म्हणाले. पंगत हसली आणि परातीतला हात पुन्हा चालू लागला.

पद्मजाबाई पाटावर बसल्या. बसताना त्यांना त्रास झाला, तेव्हा हौसानं दंडाला धरून बसवलं. मग ताक आणायला त्या अर्ध्या उठल्या, मिठाला उठल्या, माधवरावांचा भात संपला म्हणून उठल्या. शेवटी हौसानं त्यांच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला. “बाई, आता उठलात तर मी गडबला निघून जाईन.” खांद्यावर पाच बोटं पांढरी उमटली. बाई बसल्या. वरण-भात झाला, बिरडं झालं, भाकरी झाली. त्यांनी सावकाश जेवून हात ताटावर धरला आणि माधवरावांना म्हणाल्या, “मास्तर, बसून जेवलं की चवही वेगळी लागते हो.” त्या दुपारी पेणच्या त्या घरात जेवणाऱ्यांनी आपापली ताटं स्वतः उचलली, आणि ते पुढं रोजचंच झालं. गेलेला माणूसही चौथ्या दिवशी परत आला. त्याला कोणी काही विचारलं नाही. ताट मात्र त्यालाही उचलावं लागलं.

पद्मजाबाईंनी पाट फार दिवस ठेवला नाही. सुताराकडून फूल ठोकून घेतलं आणि पावसाळ्याआधी वडखळला नेला, मालूकडं. हे हौसाला कळलं तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण नंतर केरूजवळ म्हणाली, “ती पण उभ्यानंच जेवते. मला ठाव हाय.”

हौसा आणि पद्मजाबाई यांच्यात मग एसटीनं जा-ये सुरू झाली. गडबहून वाल जायचे, पेणहून मेतकूट यायचं. वर्षातून दोनदा बाई स्वतः यायच्या आणि पडवीत बसून ड्रायव्हरांची चौकशी करायच्या. पोपट त्यांना भलताच भ्यायचा, कारण त्या त्याला पाढे विचारायच्या. बाई गेल्या तेव्हा हौसा पेणला जाऊन तीन दिवस राहिली आणि आल्यागेल्यांचं सगळं तिनं रांधलं. त्या घरात तेव्हा कोणी जात काढली नाही.

पाट पुढं महाडकडं गेला असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं माणगावला आहे. हौसानं कधी शोध घेतला नाही. रेल्वे रोह्यापर्यंत गेली, रस्ता रुंद झाला, तिची पडवी चार हात मागं सरकली. केस पांढरे झाले, तरी बिरडं तेच राहिलं. फक्त दुपारी दीडच्या सुमारास अर्धा तास चुलीवर काही चढत नसे. नवा एखादा ड्रायव्हर घाईघाईनं आत येऊन हाका मारू लागला, की मागच्या खोलीतून केरूचा आवाज येई. तोंडात घास असल्यामुळं तो जरा जाड येई.

“आम्ही जेवतोय, बाबा. घाई नसली तर ये, तूपण बस.”