नळ, मोटर आणि माझा टेस्टर

आता हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. मी एकदा भरदिवसा अख्ख्या घराची वायरिंग उचकटली, ती कशापायी ते ऐका!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. औशाहून बदली होऊन मी तिथे आलो आणि माझ्या मागोमाग दुष्काळ. नळ आठवड्यातून एकदा, तोही तासभर. लोक बिचारे घागरी लावायचे. मी कशाला लावतोय? तोटी काढून नळाला थेट मोटरच जोडली. पाणी सरळ गच्चीवरच्या टाकीत!

नळ सुटला. मी ऐटीत बटण दाबलं. मोटर ढिम्म!

"लाईट गेली असंल," बायको म्हणाली.

गेली? शेजारच्या वीरभद्रअप्पांकडे रेडिओ ठणाणा वाजत होता! म्हणजे फॉल्ट आपल्याच घरात. काढला टेस्टर.

"अहो, ती मोटर सोडवा आधी. मी घागरी तरी भरते."

"दोन मिनिटं थांब गं!"

फ्यूजला नवी तार घातली. मग बोर्ड खोलला. मग होल्डर. कुठेच करंट नाही! शेवटी वायरीची लाकडी पट्टी ओढली, तर भिंतीचा गिलावाच डोक्यावर आला. बायको रिकामी घागर घेऊन समोर उभी. सगळा करंट तिच्या डोळ्यांत होता, टेस्टर लावायची गरजच नव्हती.

एक जुनाट जोड सापडला. त्याला टेप गुंडाळली आणि काय सांगू, दिवा लख्ख!

"सापडला फॉल्ट!" म्हणत मी मोटरीकडे धावलो. मोटर गरगरली, पण पाण्याचा थेंब नाही. नुसती हवा! नळ गेला होता.

आरडाओरडा ऐकून अप्पा आले. भिंत बघून म्हणाले, "हे काय करायलात वो सायेब?"

"फॉल्ट काढला. लाईट आली."

"आवो, नळ सुटला की लाईट काढतेत. कुनी मोटर लावू नाही म्हनून! नळ गेला की येती."

"मग तुमचा रेडिओ?"

"त्यो सेलवर हाय की!"

म्हणजे उघड्या तारांत हात घालून मी जिवंत राहिलो, तो हुशारीमुळे नव्हे, लाईट नव्हती म्हणून! लाज वाटली हो, खरंच. पण आठवडा काढायचा कसा? बायकोने घागर माझ्या हातात दिली. मी खाली मान घालून अप्पांच्या दारात.

अप्पा म्हणाले, "एक काय, चार घागरी न्या वो सायेब. पन आमच्या लाईटीला हात लावू नका!"