साळवेबाईंचा प्रिंटर

चालू असलेलं कुठलंही यंत्र दिसलं की साळवेबाई त्याला आधी पालथा हात लावून बघत. इस्त्री, पंख्याचा रेग्युलेटर, शेजाऱ्यांचा टीव्ही, माझी लुना, कशालाच त्यातून सूट नव्हती. एकदा माझ्या घरी आल्या तेव्हा आईच्या मिक्सरला हात लावून त्यांनी चटणी अर्ध्यात थांबवली. "तापलाय वो. जरा दम घेऊ द्या त्याला," म्हणाल्या आणि स्वतःच बटण बंद करून पाटावर बसल्या. आई माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. साळवेबाईंना थांबवायची टाप आमच्या सबंध कॉलेजात कोणाची नव्हती, तिथे आईची काय कथा.

ही सवय बाईंच्या वडलांची. ते प्रवरेकाठच्या एका बागाईतदाराच्या विहिरीवर ऑइल इंजिन सांभाळत. इंजिन तापून बसलं तर मालक चारचौघांत आई-बहिणीवरून शिव्या देई. म्हणून ते सारखे हात लावून बघत आणि चटका लागायला लागला की इंजिनाला विसावा देत. भाकरी घेऊन जाणाऱ्या मुलीला त्यांनी ते शिकवलं. "माझी पयली शाळा इंजिनाची," असं बाई सांगत. पुढे ती मुलगी एम.ए. झाली, संगमनेरच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागली. वर्गात त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की मुलं बिचकत. वर्गाबाहेर आल्या की गावची बोली सुरू. मी पदार्थविज्ञान शिकवायची, त्यांच्यापेक्षा बरीच लहान, आणि एक गल्ली सोडून राहायची. त्यामुळे त्यांच्या घरात जे जे बिघडे ते दुरुस्त करणं हे माझंच काम आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बाईंनी आयुष्याचं काम म्हणून एकच काम केलं. पठारावरच्या आणि नदीकाठच्या बौद्ध वस्त्यांमधल्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी ओव्या आणि गाणी गोळा केली. दळतानाची, दुष्काळात खडी फोडतानाची, धर्म बदलला त्या वर्षातली. एस.टी.ने जायचं, पिशवीतून टेपरेकॉर्डर काढायचा, बाईच्या चुलीपुढे बसायचं. असली गाणी छापणारे बाईंच्या आधीही होऊन गेले होते. पण त्यांच्या पुस्तकांत गाण्याखाली 'एक स्त्री' किंवा नुसतं गावाचं नाव असे. बाईंना त्याचा भयंकर राग. "एक स्त्री म्हंजे कोन? तिला आईबापानं नाव ठेवलं न्हवतं का?" त्यांच्या पुस्तकात प्रत्येकीचं पान नव्याने सुरू व्हायचं होतं. वर ठळक अक्षरांत तिचं नाव, मग गाव, मग गाणी.

आणि एक नियम होता. पुस्तक छापायला देण्याआधी प्रत्येकीला तिची पानं वाचून दाखवायची आणि ती हो म्हणाली तरच ठेवायची. यावर मी त्यांना चिडवायची की तुम्ही म्हाताऱ्यांनाच संपादक मंडळावर घेतलंय. पण तो नियम उगाच नव्हता. कागदावरून ऐकताना बायका खरोखरच ओळी काढायला लावत. कोणाच्या ओवीत सासऱ्याचा उद्धार असे, कोणाच्या ओवीत अजून जिवंत असलेल्या पाटलाचा. एकीने तर निम्मी गाणी काढून टाकायला लावली, आणि बाईंनी एका शब्दानेही वाद न घालता ती काढली. "तिचं हाय. ठिवायचं का काढायचं, ती ठरवंल," एवढंच म्हणाल्या.

या कामासाठी त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला आणि ओळखीने एक जुना लेझर प्रिंटर मिळवला. त्या काळी संगमनेरात घरात प्रिंटर म्हणजे अप्रूप होतं. बाई दोन बोटांनी टाइप करायला शिकल्या. प्रश्नपत्रिका, अर्ज, सभेची पत्रकं, सगळं त्या यंत्रातून फर्मास निघे. पण पुस्तकाची पानं एका दमात काढायला घेतली की मधली दोन-तीन पानं गायब. नाव आलेलं असे तर गाणी नसत, गाणी आलेली असली तर नाव नसे. कधी अख्खी बाईच गळे. दरवेळी वेगळी.

नगरहून मेकॅनिक आला. त्याने चार पानं काढून बघितली, ती आली. कागद बदला म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कागद बदलला. मी केबल बदलली, आतला रबरी रोलर पुसला, कॉम्प्युटरमधला प्रोग्राम पुसून पुन्हा घातला. मी स्वतः पंचवीस-तीस पानं काढली की ओळीने सगळी येत. कारण मी यंत्रापुढे बसले की बाई माझ्यासाठी पोहे करायला आत जात. मी घरी गेले की पुन्हा तेच. "तुमच्या हातालाच काहीतरी आहे बाई," मी म्हणायची. हे मी थट्टेने म्हणत होते. थोडी थोडी पानं छापा, असंही मी सुचवलं. तसंही त्या करत. पण गावाला जायची घाई असली की सगळी एकदम काढत आणि मग बसून आकडे तपासत.

पठारावरच्या एका गावात वाचन ठरलं होतं, त्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. ती आली तेव्हा एस.टी.ला थोडाच वेळ होता. पानं तपासायची राहिली. मीही बरोबर गेले होते. विहारात बायका पांढरी लुगडी नेसून बसल्या होत्या. पंचशील झालं आणि बाई वाचायला लागल्या. आपलं नाव आलं की जी ती म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करी आणि मान खाली घालून ऐके. काहीजणींनी ओळी काढायला लावल्या, काहीजणी नुसत्याच हो म्हणाल्या. वाचता वाचता बाई थांबल्या. एकसष्टनंतर हातात चौसष्टावं पान होतं. मधली पानं तान्हाबाईची होती.

तान्हाबाई पुढेच बसली होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी, कमरेत वाकलेली. रेकॉर्डिंगच्या वेळी ती भडाभडा गायली होती आणि शेवटी म्हणाली होती, "यातलं समदं ठिवायचं न्हाई. काय ठिवायचं ते कागदावं आइकल्याव सांगन." बाईंनी यंत्राची चूक झाल्याचं सांगितलं, हात जोडले, आणि म्हणाल्या, "तान्हाक्का, तुमची गाणी मला पाठ हायेत. मी तोंडानं म्हनते."

"तोंडानं तर मी बी म्हनते," तान्हाबाई म्हणाली. "मी कागदावरलं आइकाया आले हुते." मग बोळकं उघडून हसली. "आसू द्या बाई. मानसं गाळीत हुती, आता यंतर गाळतंय. आमाला सवं हाय त्याची."

बाकीच्या बायकाही हसल्या. बाई हसल्या नाहीत. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मी हट्टाने त्यांच्या घरी ठाण मांडलं. म्हटलं, पोहे नकोत, चहा नको, तुम्ही एरवी करता तसंच सगळं करा, मी नुसती खाटेवर बसून बघणार. बाईंनी सगळ्या पुस्तकाचा हुकूम कॉम्प्युटरला दिला. पानं यायला लागली. वीसेक पानं झाल्यावर बाई उठल्या, प्रिंटरच्या पाठीला पालथा हात लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो, काय करताय?"

"तापलाय. दम घेऊ दे." डोळ्याची पापणी लवावी इतक्या सहज त्या हे म्हणाल्या. तुम्ही नेमकं काय करता, असं मी त्यांना कितीदा विचारलं होतं. पण बटण बंद करणं हे त्यांच्या लेखी काही करण्यात जमाच नव्हतं. आईच्या चटणीची हकिकत माझ्या डोळ्यांदेखत घडलेली, तरी माझ्या डोक्यात कधी प्रकाश पडला नाही.

मी त्यांना समजावून सांगितलं. कॉम्प्युटर पुढची दोन-तीन पानं आधीच प्रिंटरकडे पाठवून मोकळा होतो. ती तेवढा वेळ प्रिंटरच्या पोटात असतात. वीज तोडली की पोटातलं सगळं पुसलं जातं. प्रिंटर पुन्हा चालू झाला की कॉम्प्युटर त्याच्या पुढचं पान पाठवतो, कारण त्याच्या हिशेबी आधीची छापून झालेली असतात. चार पानांत यंत्र तापत नाही, म्हणून छोट्या कामात कधी काही बिघडलं नाही. आणि लेझर प्रिंटर गरम होणारच, त्याशिवाय शाई कागदाला चिकटत नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. "म्हंजे मीच," म्हणाल्या. मी घाईघाईने म्हटलं की यात तुमचा काय दोष. "दोष न्हाई तर काय? इतक्या लोकांनी गाळलं आन् मी बी गाळलं. माझ्या हातानं." त्यांना मी रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मलाही रडू आलं.

त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून छपाई लावली. या वेळी दोन्ही हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. यंत्र तापत गेलं, खोलीत गरम कागदाचा वास पसरला. मधे एकदा त्यांचा हात पदराबाहेर आला आणि त्यांनी तो परत आत घेतला. एकही पान गळलं नाही.

आम्ही पठारावर गेलो तेव्हा तान्हाबाईच्या दारात माणसं बसलेली होती. लांबूनच कळलं. तिची सून बाहेर आली, जयभीम केला. आदल्या आठवड्यात म्हातारी शेळ्यांमागून आली, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसली ती गेलीच. बाई अंगणात खाली बसल्या. पिशवीतून पानं काढली आणि तान्हाबाईच्या नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "यातलं काय ठेवू? काय काढू?"

"मला काय ठावं बाई?" सून म्हणाली. "मी कोन सांगनारी? त्यांचं त्यांनाच ठावं हुतं."

पुस्तक छापखान्यात जायच्या वेळी बाईंनी काय ठरवलंय ते मला कळलं, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. तान्हाबाईच्या पानावर फक्त नाव आणि गाव राहणार होतं. त्याखाली आणि मागे कोरं.

"ती म्हनली हुती, समदं ठिवायचं न्हाई. कंचं ठिवायचं ते न सांगता गेली. मी कशी ठरवू?"

"म्हणजे तुम्ही पण तिला गाळलंतच," मी म्हणाले.

"गाळलं न्हाई. जागा ठेवलीय."

छापखान्याच्या मालकाने सांगून बघितलं की कोरी पानं बघून लोकांना वाटेल मशीनची चूक झालीय. "वाटू द्या," बाई म्हणाल्या. "झालीच हुती." बाईंचं बरोबर होतं की माझं, ते मला आजही सांगता येत नाही. तान्हाबाईची गाणी मला ऐकून ऐकून पाठ आहेत. ती मी इथे लिहिलेली नाहीत, यावरून काय समजायचं ते समजा.

पुस्तक निघालं आणि पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या किडन्या निकामी झाल्या. नाशिकच्या दवाखान्यात त्या गेल्या. जलदान विधीला गावोगावच्या बायका आल्या, जितक्या उरल्या होत्या तितक्या. मंडपात गर्दी होती, मी मागे पाणी देत होते. तान्हाबाईची सून मला शोधत आली. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. बाईंनी घरी येऊन दिलं होतं म्हणाली.

"घरात कुनाला वाचाया येत न्हाई. आत्याचं पान कंचं, तेवढं दावा."

सासूला ती आत्या म्हणायची. मी पान काढून दिलं. नाव वाचलं, गाव वाचलं. तिने नावावर बोट ठेवलं.

"आन् खाली?"

"खाली कोरं आहे."

"मागल्या अंगाला?"

"तिकडेही कोरंच."

तिने पान उलटून बघितलं, पुन्हा सरळ केलं. त्यावरून तळवा फिरवला. मी बाईंचा नियम, होकार, जागा, सगळं सांगायला सुरुवात केली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"पर आत्या लई बोलायच्या वो," ती म्हणाली.