दुपारचा फोन

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी वानखडे साहेब घरी फोन लावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "आक्का, सगळं बरं हाये ना?" पलीकडून आक्का म्हणायच्या, "हाव रे बाप्पा, बरं हाये." एवढ्यावर फोन बंद आणि डबा उघडा. आक्कांना फोन उचलायला जरा उशीर झाला, तर गॅसच्या स्फोटापासून विहिरीत पाय घसरण्यापर्यंत सगळ्या शक्यता साहेबांच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन जायच्या आणि डब्यातली भाजी गार व्हायची.

पुंडलिक वानखडे आमच्या सहकारी बँकेच्या जळगाव जामोद शाखेचे मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा अधिकारी. मूळचे ते पिंपळगाव राजाचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. कमलाबाई ही त्यांची विधवा थोरली बहीण घर सांभाळायची. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही.

साहेब भित्रे होते, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. कुत्री, वीज, ऑडिट, घाटातली बस, सगळ्यांना ते सारखेच भीत. कुणी हसलं तर म्हणत, "भ्यायले पैसे लागतात काय बे? ज्याले भेव नाही त्याले दिसत बी नाही. आंधळा अन् बहाद्दर, दोघं एकाच खड्ड्यात पडतात." मला हे एका घाबरट माणसानं स्वतःसाठी शिवून घेतलेलं तत्त्वज्ञान वाटायचं. कापड चांगलं होतं, एवढं मात्र मान्य करावं लागे.

एकदा बुलढाण्याला आम्हाला प्रशिक्षणासाठी बोलावलं. विषय होता दहशतवाद आणि त्याचा पैसा. मंचावर समई, हार, अध्यक्ष, अध्यक्षांच्या दुप्पट आकाराचं त्यांचं छायाचित्र. उद्घाटन इतकं लांबलं की दहशतवादाच्या वाट्याला जेवणाआधीचा थोडासा वेळ आला. पुण्याहून आलेले वक्ते पडद्यावर चित्रं सरकवत म्हणाले, "स्फोटाला फार पैसा लागतो हा गैरसमज आहे. एका खोलीचं भाडं, दोन फोन, चार तिकिटं. हा पैसा लहान लहान रकमांनी, साध्या माणसांच्या खात्यांतून फिरतो." सभागृहाचं लक्ष बाहेरून येणाऱ्या वांग्याच्या भाजीच्या वासाकडे होतं. वानखडे साहेब तेवढे उभे राहिले. "सर, मले भेव वाटून राह्यलं. हे लोक दिसतात कसे?"

हशा पिकला. वक्ते म्हणाले, "तुमच्याआमच्यासारखेच."

परतीच्या बसमध्ये साहेबांनी प्रत्येक प्रवाशाकडे इतकं टक लावून पाहिलं की कंडक्टरनं विचारलं, "काका, कोनी हरवलं काय?"

शाखेत आल्यावर आमचा कॅशियर इंगळे हळूच म्हणाला, "साहेब, रोहिणखेडच्या सलीमभाईचं खातं पाहून घ्या एकदा. भंगारवाला हाये, अन् नाव बी..." साहेब खरंच घाबरले, पण इंगळेला. म्हणाले, "नावाले भेशील तर चोर उद्या तुह्यं नाव लावून येईन. नाव नको पाहू, पैसा कसा चालते ते पाह्य." सलीमभाईंचा पैसा भंगारासारखाच चाले: जड, सावकाश, एकाच वाटेनं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

भिण्यासारखं जे होतं ते हार घालून आलं.

प्रवीणभाऊ हे गावातले तरुण समाजसेवक. म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान, आणि चौकात स्वतःच्या वाढदिवसाचे स्वतःच लावलेले फलक. महिला दिनाला त्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांचा शाल देऊन सत्कार केला आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना खाती उघडायला आमच्याकडे आणलं. चहा त्यांचा, फोटो त्यांचे, आणि बायांच्या हातातली नवी सिमकार्डंही त्यांचीच. साहेबांनी एका बाईला विचारलं, "मावशी, फोन नंबर सांगा तुमचा." ती म्हणाली, "प्रवीणभाऊले माहीत." दुसरीनंही तेच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो अडाणीपणा वाटला होता. त्यांना घाम फुटला होता.

पुढे ते रोज ती खाती पाहू लागले. लांबलांबून बारीक रकमा यायच्या, त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात जायच्या, तिथून तिसऱ्या, आणि शेवटी दूरच्या एका सीमेजवळच्या गावात एटीएममधून निघायच्या. ज्या बायांनी शेगावच्या पुढचं गाव पाहिलं नव्हतं, त्यांची कार्डं तिकडं फिरत होती.

यात बायांचं काय चुकलं, हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे विरजण मागायला आलेल्या शेजारणीला नाही म्हणत नाहीत. शिडी, मोठं पातेलं, लग्नासाठी सतरंजी, सगळं दारोदार फिरतं. खातं रिकामंच पडलंय, चार महिने वापरू द्या, असं कुणी म्हणालं तर कार्ड लपवणारी बाई कद्रू ठरते. वर महिन्याला साडीचोळीपुरतं काही मिळतं. गरीब माणसाचा शेजारधर्मच कुणीतरी भाड्यानं घेतला होता.

एक दिवस दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पैशाची वाट धरून ते एकेका खात्यावरून पुढं चालले होते. पडद्यावर आमच्याच शाखेतलं आणखी एक जुनं, कधीचं पडून असलेलं खातं होतं. कोपऱ्यात फोटो. नऊवारीचा पदर डोक्यावर, कपाळावर गोंदण. मी रोज ज्यांच्या हातच्या ठेच्याची चव साहेबांच्या डब्यातून घेत होतो, त्या.

"नाव सारखं असन असं वाटलं मले," साहेब म्हणाले. आवाज असा की जणू दुसऱ्याच कुणाचा. "मंग फोटो पाह्यला."

जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांनी फोन लावला. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "आक्का, सगळं बरं हाये ना?"

"हाव रे बाप्पा, बरं हाये."

त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी डबा उघडला नाही.

कायदा असा आहे: संशय आला तर बँकेनं गुपचूप अहवाल वर पाठवायचा, आणि खातेदाराला त्याची चाहूलसुद्धा लागू द्यायची नाही. मी म्हणालो, "साहेब, बाकीची नावं पाठवा. एक नाव गाळलं तर कुणाला कळणार?"

"मले कळन," ते म्हणाले. "कुळकर्णी, ह्या पैशानं उद्या कुठं फुटलं, लेकरं मेली, अन् मधातली कडी मी लपवेल असन, तं मी टीव्हीपुढं कसा बसू?" मग त्यांनी कागद पुढं ओढला. "तिचं नाव पयले लेहतो. मांगं ठेवलं तं हात फिरते मानसाचा."

अहवाल मुख्य कार्यालयामार्फत गेला, आणि मग काहीच झालं नाही. हे काहीच न होणं फार भयंकर होतं. आपण दगड विहिरीत टाकला आणि पाण्याचा आवाजच आला नाही, असं. टीव्हीवर कुठल्या शहरातल्या धमाक्याची बातमी आली की साहेबांचा फोन यायचा, "कुळकर्णी, आपला पैसा तं नसन ना थो?" मी धीर द्यायचो. हळूहळू मीही बातम्या तशाच पाहू लागलो. ऊन तापलेल्या रस्त्यावर एखादी अनोळखी मोटरसायकल शाखेसमोर उभी राहिली की आमचं बोलणं थांबायचं.

त्याच दिवसांत प्रवीणभाऊ पेढे घेऊन आले. कुठल्या तरी मंडळाचे अध्यक्ष झाले होते. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "साहेब, आजकाल लय चौकशा करून राह्यले म्हनतात तुम्ही. बाया भेतात ना." मग पेढा पुढं करत, गोड आवाजात, "आक्का कशा हायेत? दुपारी एकट्याच राह्यतात घरी, नाही काय?"

पंखा फिरत होता. इंगळेचं नोटा मोजणारं मशीन थांबलं. साहेबांना काहीही दाखवायची मुभा नव्हती, ना राग, ना भीती. दाखवलं तर सावज सावध. जन्मभर भीती चेहऱ्यावर घेऊन फिरलेल्या माणसाला त्या क्षणी चेहरा कोरा ठेवायचा होता. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले.  

"बऱ्या हायेत," ते हसून म्हणाले. "चहा घ्या, प्रवीणभाऊ. साखर कमी की बरोबर?"

प्रवीणभाऊंनी चहा घेतला, साखर बरोबर. ते गेल्यावर साहेब मागच्या मोरीत जाऊन ओकले.

शेवटी गाड्या आल्या, त्याही भर दुपारी. आक्का अंगणातल्या बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या. साध्या कपड्यातल्या माणसांनी अदबीनं कार्ड मागितलं, फोन मागितला, आणि विचारलं की अमुक गावातल्या एका खोलीचं भाडं तुम्ही का भरत होता. त्या खोलीत स्फोटकं सापडली होती, वापरली जाण्याआधी. आक्का म्हणाल्या, "मी तं त्या गावाचं नावच पयल्यांदा आयकून राह्यली, बाप्पा."

साहेब पोलीस ठाण्यात बाकड्यावर त्यांच्याशेजारी बसले. मी मागे उभा होतो. आक्कांनी विचारलं, "पुंडलिक, तुले माहीत होतं?"

"हाव."

"कव्हाचं?"

 साहेबांनी उलट विचारलं, "तू कार्ड देल्लं, मले काऊन नाही सांगतलं, आक्का?"

"तू भेतं म्हनून," आक्का म्हणाल्या. "तुले काहीच सांगत नाही मी. सापाची कात निघाली तरी सांगत नाही."

ज्याला भय असतं त्याला दिसतं, असं ते म्हणत. साऱ्या तालुक्याचा पैसा त्यांना दिसला. घरातला वेळेत दिसला नाही, कारण त्यांच्या भीतीला भिऊन घर त्यांच्यापासून लपत होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं ते त्या बाकड्यावर. मी त्यांना इतकं म्हातारं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

प्रवीणभाऊ आत गेले. फलक मात्र वाऱ्यानं फाटेपर्यंत चौकात हसत राहिले. आक्का आणि बाकीच्या बाया साक्षीदार म्हणून सुटल्या. वार्षिक सभेत अध्यक्षांनी "आपल्या बँकेची दक्षता" या विषयावर टाळ्या घेतल्या. साहेबांचं नाव घेणं नियमात बसत नव्हतं. ज्याचा सत्कार करता येत नाही असं काम आपल्याकडे फारसं कुणी का करत नाही, ते मला त्या सभेत समजलं.

डबा येत राहिला, ठेच्यासकट. पण दुपारी साहेबांनी "सगळं बरं हाये ना?" म्हटलं की आक्का काही न बोलता फोन ठेवायच्या. साहेब रोज फोन करत राहिले. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना एका दुपारी ते हातात फोन धरून नुसतेच बसले. डोळे भरलेले. "हाव म्हनली," ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. ज्या हजार गोष्टींना ते भ्याले, त्यांतली एकही नव्हती ही.

तेराव्याला आक्का मला म्हणाल्या, "मी त्याले सांगतलं नाही, त्यानं मले सांगतलं नाही. फिटलं आमचं. पन भाऊ, तो बरोबर होता. मले सांगतलं असतं तं मी विरजनासंगं गल्लीभर वाटलं असतं."

आता त्या खुर्चीवर मी बसतो. परवा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडणार तोच फोन वाजला.

"भाऊ, आक्का बोलून राह्यली. सगळं बरं हाये ना?"

काऊंटरपाशी एक माणूस तीन बायांना घेऊन उभा होता. हसतमुख, पांढरेशुभ्र कपडे. बायांच्या हातात नवी सिमकार्डं होती.

"सांगतो, आक्का," मी म्हणालो, आणि डबा बाजूला सारला.