बेगोनियाची चौथी कांडी

ओवे गावातलं सासरचं घर मी सोडलं तेव्हा सुमन, माझी धाकटी जाऊ, तू दारातून बघतच होतीस. मी झाडांना पाणी घालत होते आणि जेवण वाढायला उशीर झाला, एवढंच निमित्त. नवऱ्याने कुंड्या एकेक उचलून ओट्यावर आपटल्या, शेवटची माझ्या डाव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. आईने मरायच्या आधी चिरनेरहून पाठवलेला बेगोनिया त्याने टाचेखाली चिरडला. मेल्याचा हात झडो, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं, त्या चिरडलेल्या झाडाच्या चार कांड्या पदरात बांधल्या आणि निघाले. तू मधे पडली नाहीस. तुला दोष देत नाही, तुलाही तिथेच राहायचं होतं.

कामोठ्यात एक खोली मिळाली. हाताला प्लास्टर, म्हणून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुश्याची, पिशवी दातांनी फाडली, त्यात वाळू मिसळली. कांड्या डब्यांत खोचल्या आणि पाणी ओतलं, बदाबदा. आपण भात लावणारी माणसं, रोप म्हटलं की चिखल झालाच पाहिजे! आठवड्यात तीन कुजल्या, नासक्या बटाट्यासारखा वास. मी ते तिन्ही डबे भिंतीवर फेकले. अगदी त्याने कुंड्या आपटल्या तसे. मग स्वतःचीच भीती वाटली आणि पोटभर रडले.

आई म्हणायची, "तान लागू दे गो त्याला. तान लागली का मुळं आपूनच फुटतान." चौथीचं कुजकं बूड ब्लेडने उडवलं, जखम सुकू दिली, परत कुजू नये म्हणून दालचिनीची पूड लावली आणि जेमतेम ओल्या वाळूत रोवली. वर बाटली कापून पालथी घातली. मूळ धरलं का ते उपटून बघायला रोज हात शिवशिवायचे. महिन्याने नवं पान आलं तेव्हा हलकेच ओढलं, कांडी जागची हलली नाही.

इथे खाली ट्यूशनच्या पोरांचा गोंगाट असतो. पण जिन्यात चप्पल वाजली तरी हातातलं काम थांबत नाही. याला मी घर म्हणते.

आज सकाळी तुझा फोन आला. "वैनी, माज्या नवऱ्यानं पन मला मारलं. काठीनं."

फोन ठेवला आणि त्या झाडाचा एकुलता शेंडा कापला. आईचं झाड परत मरतंय की काय असं वाटलं, तरी कापला. तो लावायला तुझा डबा वाळूने भरून ठेवलाय. शेंड्याची जखम सुकायला दोन तास लागतील. ओव्याहून रिक्षाला तेवढा वेळ लागत नाही. नीघ.