डॉक्टरांच्या तोंडी घातलेला शब्द

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. आठ वर्षं झाली. मनातल्या मनात सांगून पाहिलं तर दोन मिनिटांत संपतं. मग ओठांवर यायला आठ वर्षं का लागली?

मी सोलापुरात राहतो, शुक्रवार पेठेत. आई गावी, अक्कलकोटच्या पलीकडे, थोरल्या भावाकडे. घरात आम्ही कन्नड बोलतो. माझी शाळा, नोकरी सगळं मराठीत झालं. आईला मराठी येतं ते बाजारापुरतं, भाव विचारण्याइतकं. दवाखाना, बँक, कचेरी – कुठंही गेलं की तिच्या आणि समोरच्याच्या मध्ये मी बसायचो. त्यांचं तिला सांगायचं, तिचं त्यांना. लहानपणापासूनचं माझं काम ते. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

आईच्या कडक भाकरीला गावात नाव आहे. पातळ, वाळवलेली, मोडताना कट्‌ असा आवाज आला नाही तर ती भाकरी ती बाजूला काढते. पण सत्तरीपर्यंत तिचे सगळे दात गेले. कवळी केली, खालची हलायची, हिरडीला जखमा व्हायच्या. तिनं ती डब्यात ठेवून दिली. भाकरी सगळ्यांसाठी तीच करायची आणि स्वतःची मात्र दुधात भिजवून चमच्यानं खायची. वहिनी म्हणायची, "म्हस आता सासूबाईंच्या नावावरच करा की. एका वेळचं दूध ह्यांच्या भाकरीलाच लागतंय." आईही हसायची – तोंडावर पदर धरून.

सोलापूरला ये, चांगल्या डॉक्टरला दाखवू, असं तिला मीच म्हणालो होतो. हे खरं आहे. हे सांगायला मला बरं वाटतं, म्हणून आधी सांगून टाकतो.

त्या दिवशी दवाखान्यात दोन तास बसावं लागलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आई दर दहा मिनिटांनी मोठ्यानं कन्नडमध्ये विचारायची, अजून किती वेळ? लोक बघायचे. शेवटी आत गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे पाहिला, साखर किती ते विचारलं आणि म्हणाले, "होईल की. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालू, म्हणजे हाडात स्क्रू. त्यावर कवळी घट्ट बसेल. आजी भाकरी खातील. चार-पाच महिने लागतील, सहा-सात फेरे होतील. सुरुवातीचे आठ दिवस मात्र त्यांना इथंच ठेवून घ्या."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "एन अंतार?" – काय म्हणतात?

आता इथं मी काय सांगू तुम्हाला? पैसे होते. बायको तर आधीपासून म्हणत होती, राहू द्या त्यांना महिनाभर. रजाही मिळाली असती. मला कंटाळा आला होता. एवढंच. ते फेरे, तो बाक, तो मोठा आवाज – पुन्हा पुन्हा. याहून मोठं काही कारण असतं, तर मी हे कधीच कोणाला तरी सांगून मोकळा झालो असतो.

मी म्हणालो, "आगूदिल्लंत, अव्वा." होणार नाही म्हणे.

आमच्या कन्नडमध्ये वाक्याच्या शेवटी 'अंत' लावलं की ते बोलणं दुसऱ्याचं होतं, मराठीतल्या 'म्हणे'सारखं. नुसतं 'आगूदिल्ल' म्हणालो असतो तर नकार माझा झाला असता; का म्हणून तिनं विचारलं असतं. 'अंत' जोडलं आणि तो डॉक्टरांचा झाला. वर मी हाड झिजलंय, वय झालंय, हेही जोडलं. डॉक्टर समोर बसून मान हलवत होते. त्यांना वाटलं, मी तिला समजावतोय. आईनं त्यांना हात जोडले. ते मला म्हणाले, "विचार करून कळवा. घाई नाही."

गावी जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं – धाकट्यानं रजा काढून मोठ्या डॉक्टरला दाखवलं, पण माझं हाडच राहिलं नाही. शेजारच्या गंगव्वाचेही दात गेले होते. तिचा मुलगा तिला नेतो म्हणत होता. आईनंच तिला समजावलं, आपल्या वयात होत नाही ते, उगीच कशाला जातीस? ती गेली नाही. गेल्या वर्षी ती वारली.

त्याच वर्षी माझीच एक दाढ काढावी लागली. दुसऱ्या दवाखान्यात इम्प्लांट बसवून घेतलं. पाच फेरे झाले; दुखलंही फारसं नाही. शेवटच्या फेरीला मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला होतं का हे?

"न बघता कसं सांगू? घेऊन या की. आधी कुणाला दाखवलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

त्याला सात महिने झाले. गावाहून एसटीनं दीड तास लागतो. आई आली, तर बाई कदाचित म्हणतील, होईल. कदाचित म्हणतील, आता उशीर झाला, सात-आठ वर्षांपूर्वी सहज झालं असतं. बाई विजापूरच्या आहेत. जे असेल ते आईला थेट कन्नडमध्येच सांगतील. मध्ये मी नसेन.

मी आईला अजून नेलेलं नाही.