चौगुले सरांची काळजीची मापं

चौगुले सरांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. संध्याकाळची वेळ होती, वीज गेलेली होती आणि जिन्यात काही दिसत नव्हतं. मी खालून हाक मारली, तर वरून खणखणीत आवाज आला, "अनॉइंगली, लाईट गेलीया! भिंतीला धरून या वर, पावणं!" पाठोपाठ एका बाईंचा आवाज आला, "अवो, इंग्रजी काय झाडताय, बॅटरी दाखवा की तिला!" बॅटरी घेऊन जिन्याच्या तोंडाशी आल्या त्या सरांच्या पत्नी, मालतीकाकू.

मी मूळची चंदगडकडची, कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात नर्स. परदेशात नोकरी मिळवायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, म्हणून मी सरांकडे गेले होते. ते हायस्कूलमधून निवृत्त झाले होते आणि आम्हा चार-पाच नर्सना घरीच शिकवायचे. काळ, प्रयोग, विरामचिन्हं हे सगळं ते भराभरा उरकत, कारण त्यांचा जीव अडकला होता एकाच जातीच्या शब्दांत: वैताग, काळजी आणि धास्ती सांगणाऱ्या क्रियाविशेषणांत. अनॉइंगली, वरीइंगली, अलार्मिंगली. हे शब्द उच्चारताना त्यांची मान अशी डोलायची, की जणू तबल्याची साथ चालू आहे.

"आपण कोल्हापूरची माणसं," सर म्हणायचे, "दूध नासलं तरी बोंब, घर पेटलं तरी तीच बोंब. ऐकणाऱ्यानं पळायचं, का नुसतं च्च च्च करायचं? इंग्रज वाक्याच्या तोंडालाच सांगून टाकतो, किती घाबरायचं ते." मग मापं ठरवून द्यायचे. चपलेत खडा गेला तर अनॉइंगली. तापातलं पोर जेवेना झालं तर वरीइंगली. पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं तर अलार्मिंगली. "माप चुकलं की माणूस फुकट घाबरतो, न्हाय तर फुकट मरतो. तुम्ही सिस्टर हाय, तुम्ही तर चुकायचंच न्हाय."

एकदा मी वाक्य केलं, 'अलार्मिंगली, माझी नणंद येणार आहे.' सरांनी चष्मा वर सरकवला.

"नणंद येणं हे अलार्मिंगली न्हवं. राहणार किती?"

"महिनाभर."

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "मग वरीइंगली चालंल."

घरातही हेच. जेवताना म्हणायचे, "अनॉइंगली, आमटीत मीठ कमी हाय." काकू जागच्या हलायच्या नाहीत. "मराठीत मागा, वाढते." सर तशीच अळणी आमटी संपवायचे, पण मराठीत मीठ मागायचे नाहीत.

पेठेच्या फुटबॉल संघाची मॅच असली की सर मैदानावर हजर. एकदा आपल्या संघाचा गोल पंचांनी नाकारला. सर उभे राहिले आणि सगळा जोर लावून ओरडले, "डिसअपॉइंटिंगली!" आजूबाजूच्या पोरांना वाटलं, ही कुठली तरी नवी, वजनदार शिवी असणार. त्यांनी ती उचलली, आणि बघता बघता अख्खा स्टँड पंचांच्या नावानं 'डिसअपॉइंटिंगली' करू लागला. पंच खेळ थांबवून कडेला आले आणि म्हणाले, "शिवीगाळ बंद करा, न्हाय तर मॅच बंद." सर कितीतरी दिवस धुमसत होते. "शिवी? निराशा सांगणारं इतकं सोज्ज्वळ क्रियाविशेषण हाय ते!" यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ऐकतीया मी. मला पण शिवीच वाटायची."

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी ड्युटीवर निघाले होते, तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच वाटला, जरा जास्तच नेमका.

"सिस्टर, अनॉइंगली, मालतीला जरा चक्कर आलीया. तुम्ही वाटेत डोकावून जाल का?"

"काकू बोलताहेत का, सर?"

"बोलतीया. पण काय बोलतीया ते कळत न्हाय. चहाचा कप हातातनं पडला तिच्या."

"कुठल्या हातातून? तोंड एका बाजूला गेलंय का?"

मग सर म्हणाले, "उजव्या. व्हय, तोंड गेलंय जरासं."

"सर, त्यांना कुशीवर झोपवा. पाणीसुद्धा पाजू नका. अ‍ॅम्ब्युलन्स मागवते, मी निघालेच," एवढं सांगून मी दवाखान्यात फोन लावला आणि धावत सुटले. मी पोचले तेव्हा सर काकूंचा हात धरून जमिनीवर बसले होते. शर्टाच्या गुंड्या खालीवर लागलेल्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत इंजेक्शन मिळालं, काकू वाचल्या. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

क्लास बंद झाला. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज थोडे थोडे शब्द म्हणून घ्या. जन्मभर वर्ग चालवलेला माणूस, एवढ्या बोलण्यानं त्यांना चेव आला. सकाळी पाणी, मीठ, दार, दुपारी पुन्हा पाणी, मीठ, दार. चुकलं की "परत म्हण!" मी ड्युटी संपवून जायची तेव्हा काकू डोळे मिटून बसलेल्या असायच्या, पण झोपलेल्या नसायच्या. एकदा त्यांनी डाव्या हातानं चमचा भिरकावला. तो सरांच्या चष्म्याला लागला. सर मला म्हणाले, "नेम चांगला हाय. सुधारणा हाय."

आणि एका दुपारी सरांचा फोन आला. हसतायत की रडतायत, कळेना. "सिस्टर, वाक्य आलं! अख्खं वाक्य!"

"काय म्हणाल्या काकू?"

"'गप बसा की.' क्रियापदासकट! आज्ञार्थ!"

त्यानंतर काकूंची जीभ हळूहळू सुटत गेली. अजूनही शब्द अडखळतात, पण सरांना गप्प करायला लागतात तेवढे नीट येतात.

मी परीक्षा पास झाले, माझं परदेशात जायचं पक्कं झालं, तेव्हा निरोप घ्यायला गेले. काकूंनी डाव्या हातानं माझ्या तोंडात पेढा घातला. सर जिना उतरून माझ्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत आले. मला वाटलं, आता परीक्षेतल्यासारखे दोन शब्द विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला फोन केला न्हवं, तवा मला सगळं दिसत हुतं. तिचं तोंड, तिचा हात, सगळं. शब्दही म्हायती हुता, अलार्मिंगली. पण तो तोंडातनं काढला असता, तर ते खरं झालं असतं."

ते रस्त्याकडे बघत होते.

"वरीइंगली म्हटलं की काळजी कुणाला वाटतीया, ते सांगावंच लागत न्हाय. म्हणून आवडायचे ते शब्द मला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला लई भ्या वाटलं हुतं, पोरी."

एवढ्या दिवसांत त्यांनी मला कायम 'सिस्टर' म्हणून हाक मारली होती. मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात मागून, घराच्या खिडकीतून काकूंची हाक आली, तुटक पण चांगलीच मोठी, "अवो... या की वर!" आणि सर पोरासारखे लगबगीनं परत फिरले.