धुऱ्यावरचा किरण

माह्यी भाची जयमाला बंगलोरले नोकरीले लागली अन् तिच्या बापानं, आमच्या शेषरावभाऊजीनं, आमच्या गावात, धामणगाव बढ्यात, सगळ्यायले सांगून टाकलं, "पोरगी एक्स-रे काढते." झालं! ज्याचं त्याचं हाड दुखू लागलं. पोरगी सणाले घरी आली का लोक गुडघे घेऊन दारात हजर. ती बापडी सांगे, "मी माणसायचे नाई काढत हो. ताऱ्यायचे एक्स-रे टिपणारं यंत्र बनवतो आम्ही, अवकाशातल्या दुर्बिणीसाठी." लोक म्हणत, "हाव, पण कंबर पाहून दे ना."

ज्या साली गुलाबी अळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली, त्या साली भाऊजीचं डोकंबी पोखरलं. चिखलीचे भगवानराव बायकोसंग पोरासाठी जयमालाले पाहाले आले. त्यायची अट एकच: पोरीनं नोकरी सोडावी अन् चिखलीत एक्स-रेचं दुकान टाकावं. भाऊजी लगेच होकाराची मान हलवू लागले. मले असा संताप आला म्हणता! पण तोंडात पोहे होते.

जयमालाच्या डोळ्यात पाणी आलं. तरी ती बोलली, "काका, आमच्या यंत्रात वावरावाणी बारीक चौकोन असतात. किरण धुऱ्यावर, म्हंजे दोन वावरायमधल्या बांधावर, पडला का त्याचा माल, म्हंजे वीज, आजूबाजूच्या वावरात सांडते. असे किरण आधी टाकून देत. मी कोणत्या वावरात किती सांडलं ते पाहून किरण नेमका कुठं पडला ते काढते. मंग ताऱ्याचं चित्र साफ येते."

धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद केलेले भगवानराव हसले. "एवढंसं धुऱ्यावरचं! फेकलं तं काय बिघडलं?"

पाहुण्यायपुढं कधी तोंड न उघडणारी माह्यी बहीण झुंबरबाई चुलीपासून उठून दारात आली.

"काय बिघडलं? अळी बीटीले निगरगट्ट होऊ नाई म्हणून बियाण्यासंग साध्या कपाशीची पुडी येते, धुऱ्यानं लावाले. यायनं, पोरीच्या बापानं, ती दरसाल उकिरड्यावर फेकली. काय बिघडलं ते आमच्या वावरात जाऊन पाहा. पुडी फेकली ते फेकली. माह्यी पोरगी नाई फेकू देणार मी."

भगवानरावायनं चहा बशीत ओतला, पण पिला नाई. पोरीले दाखवाले उघडा केलेला गुडघा त्यायच्या बायकोनं पदरानं झाकून घेतला.

भाऊजीनं पोह्याची बशी खाली ठेवली. मंग पोरीले म्हणाले, "बाई, तुह्यी बंगलोरची गाडी कधी हाये? मलकापूरच्या टेसनापर्यंत मी येतो सोडाले."